प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा फाउंडेशन पेपर: घ्यावा की नाही?

इलेक्टिव्ह निवडायची वेळ आली की ज्युनियर्सचा ठरलेला प्रश्न येतो, तो प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पेपर कसाय, सोपाय का, मार्क मिळतात का. मी तो पूर्ण केलाय, ग्रेडही हातात आलीये, त्यामुळे आता राग-लोभ नाही, बिनधास्त लिहिते. युनिव्हर्सिटीचं नाव घेत नाही, कारण हा सिलॅबस थोड्याफार फरकाने सगळीकडे असाच असतो आणि तक्रारीही त्याच असतात. एका ओळीत मत हवं असेल तर घ्या, पण मधल्या भागासाठी घ्या. सुरुवातीचे आणि शेवटचे आठवडे काढावे लागतात, दुसरा शब्द नाही.

सुरुवात म्हणजे व्याख्या. प्रोजेक्टला सुरुवात असते, शेवट असतो, त्यातून काहीतरी नवीन तयार होतं, आणि रोज तेच तेच करायचं काम म्हणजे ऑपरेशन, ते वेगळं. झालं, एवढंच आहे ते. पण यावर लेक्चरमागून लेक्चर जातात. मग तो वेळ, खर्च आणि स्कोप (म्हणजे कामाची व्याप्ती) यांचा त्रिकोण येतो, तो प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा भेटतो. इतिहासाचा भाग मला आवडला पण तो आमच्याकडे धावतपळत उरकला. गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कधीपासून कधीपर्यंत ते आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, हेन्री गँटच्या नावाने ओळखला जातो, तो १९१० च्या दशकात गाजला, पण त्याच्या आधी १८९६ मध्ये पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीने जवळपास तसंच काहीतरी केलं होतं, ते इंग्रजीत वेळेवर पोचलंच नाही म्हणून नाव राहिलं गँटचं. अशा गोष्टी सांगितल्या तर मुलं जागी राहतात ना. त्याऐवजी आम्हाला काय मिळालं, तर पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या संस्थेच्या पीएमबोक नावाच्या मार्गदर्शक पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीतला तो प्रसिद्ध तक्ता, ५ प्रोसेस ग्रुप, १० नॉलेज एरिया आणि ४९ प्रोसेस, आणि प्रत्येक प्रोसेसचे इनपुट, टूल, आउटपुट. पाठ करा. गंमत म्हणजे २०२१ च्या सातव्या आवृत्तीत पीएमआयनेच ती मांडणी बाजूला ठेवून १२ तत्त्वं आणि ८ परफॉर्मन्स डोमेन अशी रचना केली. म्हणजे ज्यांनी तक्ता काढला त्यांनी पान उलटलं आणि आमच्या नोट्स तिथेच. तक्त्याचा उपयोगच नाही असं नाही म्हणत मी, कुठल्या टप्प्यावर काय काय विचारात घ्यायचं त्याची आठवण म्हणून ठीक आहे, पण पाठ करण्यात अर्थ नाही.

खरा पेपर सुरू होतो तो डब्ल्यूबीएसपासून, म्हणजे वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर. मोठं काम फोडत फोडत इतक्या लहान तुकड्यांपर्यंत न्यायचं की एका तुकड्याला किती वेळ लागेल आणि तो कोण करेल हे छातीठोकपणे सांगता यावं. ऐकायला बाळबोध वाटतं. पण आमच्या सरांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला सगळ्या ग्रुपचे कागद घेतले आणि त्यातले "चर्चा करणे", "मीटिंग घेणे", "फॉलोअप करणे" असले सगळे चौकोन लाल पेनाने उडवले. म्हणाले, "काय तयार होणार आहे ते लिहा. मीटिंग झाल्यावर हातात काय येतं? ठरलेल्या पाहुण्यांची यादी येते ना, मग यादी लिहा." दुसरा नियम शंभर टक्क्यांचा, म्हणजे खालच्या सगळ्या चौकोनांची बेरीज वरच्या चौकोनाइतकीच झाली पाहिजे, कमी नाही जास्तही नाही. कमी असेल तर काहीतरी राहिलंय, जास्त असेल तर कुणी न मागितलेलं काम तुम्ही अंगावर घेताय. त्यानंतर आम्ही कुठलंही असाइनमेंट आलं की आधी हे झाड काढायला लागलो, मार्कांसाठी नाही, भांडणं कमी होतात म्हणून.

आता या पेपरमधली सगळ्यात भारी गोष्ट, नेटवर्क डायग्राम (कुठलं काम कुठल्या कामानंतर ते बाणांनी दाखवणारं चित्र) आणि क्रिटिकल पाथ (त्यातली सगळ्यात लांब साखळी, जिच्यावर शेवटची तारीख ठरते). या एकट्यासाठी मी हा पेपर पुन्हा घेईन. सीपीएम, म्हणजे क्रिटिकल पाथ मेथड, १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड यांच्या लोकांनी मिळून उभं केलं आणि पर्ट ही तिच्यासारखीच पद्धत १९५८ मध्ये अमेरिकन नेव्हीच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी आलं, एवढा इतिहास पुरे. शिकवण्याची पद्धत महत्त्वाची. सरांनी लॅपटॉप बंद करायला लावले आणि फळ्यावर एक साधं प्रदर्शन घेतलं, विद्यार्थ्यांचं, एका दिवसाचं. विषय ठरवायला २ दिवस. मग हॉलची परवानगी ६ दिवस, आणि त्याच वेळी समांतर पोस्टरचं डिझाइन ३ दिवस. डिझाइन झालं की छपाई २ दिवस, छपाई झाली की निमंत्रणं पोचवायला ४ दिवस, आणि हॉल मिळाला, निमंत्रणं गेली की शेवटी मांडणी २ दिवस. करा हिशोब. सगळ्यांनी केला, विषय, डिझाइन, छपाई, निमंत्रणं, मांडणी, म्हणजे २ अधिक ३ अधिक २ अधिक ४ अधिक २, एकूण १३ दिवस. परवानगीची लाइन आठव्या दिवशी संपते आणि मांडणी अकरा दिवस झाल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून परवानगीला ३ दिवसांचा फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलता उशीर करायची मोकळीक. सगळे खूश, हॉलचं काय टेन्शन नाही, तीन दिवस इकडेतिकडे चालतील.

मग सर म्हणाले, पोस्टरवर तारीख आणि जागा कुठून छापणार?

वर्गात शांतता, मग हशा. एक बाण राहिला होता, परवानगीकडून छपाईकडे. तो बाण टाकला की छपाई आठ दिवस झाल्याशिवाय सुरूच होत नाही, दहाव्या दिवशी संपते, निमंत्रणं चौदाव्या, मांडणी सोळाव्या. तेरावर होतं ते सोळावर गेलं, कुणीही कामचुकारपणा न करता, एकही काम न वाढता. आणि गंमत बघा, जो ३ दिवसांचा फ्लोट परवानगीकडे होता तो आता डिझाइनकडे गेला आणि परवानगी क्रिटिकल झाली. म्हणजे ज्या माणसाला आपण म्हटलं होतं की तू निवांत जा, त्याच्याच एका दिवसाच्या उशिराने आता सगळं एक दिवस पुढे जाणार. फॉरवर्ड पास (सुरुवातीकडून पुढे मोजत जाणं), बॅकवर्ड पास (शेवटाकडून मागे मोजत येणं) हे आकडेमोडीचे प्रकार आहेत, येतात दोन तासांत, पण बाण कुठे राहिला हे शोधायची नजर त्या दिवशी मिळाली. ही गोष्ट सॉफ्टवेअर शिकवत नाही, कारण सॉफ्टवेअरला तुम्ही जे बाण दिले तेवढेच माहीत असतात.

पर्टचा भाग याला जोडूनच येतो. एकच अंदाज न देता तीन द्यायचे, सगळं नीट झालं तर, साधारणपणे, आणि सगळं बिघडलं तर. मग मधल्याला चारने गुणून बाकीचे दोन मिळवायचे आणि सहाने भागायचं. हॉलच्या परवानगीचे ते ६ दिवस असेच आले होते, ३, ५ आणि १३ वरून. बघा, साधारणपणे ५ च दिवस लागतात, पण तो १३ चा शेपूट अंदाजाला एक दिवस पुढे ओढतो. फॉर्म्युला सोपा आहे म्हणून परीक्षेत हमखास येतो, पण खरा प्रश्न असा की ते तीन आकडे माणूस प्रामाणिकपणे देतो का. यावर सरांनी एक अभ्यास सांगितला तो माझ्या डोक्यात कायमचा बसलाय. १९९४ मध्ये ब्यूहलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी शेवटच्या वर्षाच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध कधी पूर्ण होईल. सरासरी अंदाज आला ३३.९ दिवसांचा. सगळं शक्य तितकं वाईट झालं तर किती, याचा अंदाज ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे आपण "वाईटात वाईट" म्हणून जे धरतो तेही खऱ्या सरासरीपेक्षा गोड असतं! याला प्लॅनिंग फॅलसी म्हणतात, काहनेमन आणि ट्वर्स्कीने १९७९ मध्ये मांडलेली. उपाय पण सांगितला, की आपल्या कामाच्या आतून अंदाज बांधू नका, तसल्याच आधीच्या कामांना किती वेळ लागला ते बघा. वाचायला सोपं, करायला कठीण, कारण प्रत्येकाला आपलं काम वेगळंच वाटत असतं.

इथे एक गोष्ट सिलॅबसमध्ये नव्हती आणि असायला पाहिजे होती. क्रिटिकल पाथ एकच धरून आपण शक्यता काढतो, पण दोन लाइन जवळपास सारख्याच लांबीच्या असतील आणि प्रत्येकीची वेळेवर संपायची शक्यता निम्मी असेल, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नसेल, तर दोन्ही वेळेवर संपायची शक्यता पाव उरते. अशा तीन लाइन एका ठिकाणी येऊन मिळत असतील तर आठात एक. म्हणून कागदावर ठीकठाक दिसणारी शेड्यूल्स शेवटच्या जोडणीच्या वेळी कोसळतात. हे मी लायब्ररीत बसून वाचलं, वर्गात अवाक्षर नाही. इतका कामाचा मुद्दा सोडून स्टेकहोल्डरच्या, म्हणजे प्रोजेक्टशी हितसंबंध असलेल्या लोकांच्या, चार चौकोनांच्या ग्रिडवर मात्र आख्खं लेक्चर.

अर्न्ड व्हॅल्यूबद्दल, म्हणजे झालेल्या कामाची किंमत ठरलेल्या कामाशी आणि खर्चाशी ताडून बघण्याबद्दल, लोक घाबरवतात, घाबरू नका. तीन आकडे आहेत. समजा ग्रुपचं एकूण काम १०० तासांचं धरलंय. आजपर्यंत ५० तासांचं व्हायला हवं होतं, झालंय ४० तासांच्या किमतीचं, आणि त्यासाठी खर्ची पडलेत ६० तास. चाळीस भागिले साठ म्हणजे सीपीआय (खर्चाचा निर्देशांक) ०.६७, चाळीस भागिले पन्नास म्हणजे एसपीआय (वेळापत्रकाचा निर्देशांक) ०.८. याच गतीने चाललं तर १०० चं काम १५० तासांना पडणार. नुसतं "निम्मं होत आलंय" असं म्हणणाऱ्याला हे आकडे समोर ठेवले की बोलणं बदलतं. फक्त एक खोड लक्षात ठेवा, एसपीआय प्रोजेक्ट संपताना आपोआप १ वर येतो, कारण शेवटी झालेलं काम आणि ठरलेलं काम सारखंच होतं, मग तुम्ही कितीही उशीर केलेला असो. परीक्षेत हे विचारलं होतं आणि अर्धा वर्ग गारद झाला.

आता तक्रारी. लॅब. लॅबमध्ये एमएस प्रोजेक्ट हे प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर शिकवतात असं लिहिलंय, प्रत्यक्षात एक पीडीएफ मिळते, हे क्लिक करा, ते क्लिक करा, स्क्रीनशॉट चिकटवा, सबमिट करा. कुणाचा स्क्रीनशॉट कुणाच्या फाइलमध्ये आहे कुणी बघत नाही. रंगीत बार दिसले की आपल्याला प्लॅनिंग आलं असा भास होतो, हे त्या लॅबचं सगळ्यात मोठं नुकसान. ते तास काढून टाका आणि पेन्सिलीने नेटवर्क काढायचे तास वाढवा, मी तर लेखी फीडबॅकमध्येच दिलंय हे.

दुसरी तक्रार ग्रुप प्रोजेक्टची, आणि ही जरा सविस्तर करते. ग्रुप प्रोजेक्ट हा या पेपरचा आत्मा असायला पाहिजे, कारण सगळं जे शिकवलं ते तिथेच घडताना दिसतं. सहा जणांचा ग्रुप असेल तर आपापसात बोलायच्या जोड्या १५, आठ जण झाले की थेट २८. फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्ये लिहून ठेवलंय की उशिरा चाललेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो, त्याचं एक कारण हेच. आणि तरीही आमच्याकडे मध्येच दोन छोटे ग्रुप एकत्र केले, का तर गाइड कमी पडले म्हणून. जिथे हे शिकवतात तिथेच हे करतात. त्यावर कडी म्हणजे सगळ्या ग्रुपला एकच मार्क. आरएसीआय तक्ता बनवायला लावला, कोण करणार, जबाबदारी कुणाची, कुणाला विचारायचं, कुणाला कळवायचं, आणि त्यातला मुख्य नियम असा की एका कामाला अंतिम जबाबदार माणूस एकच असावा, दोघे असले की कुणीच नसतो. छान. पण मूल्यमापनाच्या वेळी तो तक्ता उघडूनसुद्धा बघितला नाही. ज्याने शेवटच्या रात्री फक्त फॉन्ट बदलला त्यालाही तेवढेच आणि जिने सगळं रिस्क रजिस्टर (संभाव्य धोक्यांची नोंदवही) एकटीने सांभाळलं तिलाही तेवढेच. सहकाऱ्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करायचा साधा फॉर्म ठेवला असता तरी चाललं असतं.

रिस्क रजिस्टरवरून आठवलं, तो भाग चांगला शिकवला. "उशीर होऊ शकतो" ही रिस्क नाही, तो परिणाम आहे, हे डोक्यात घट्ट बसवलं. कारण लिहा, घटना लिहा, परिणाम लिहा, आणि त्या रिस्कवर नजर ठेवणारा एक माणूस लिहा. एवढं केलं की निम्म्या भीत्या आपोआप गळून पडतात आणि ज्या उरतात त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवता येतो.

अजाइल, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम करून मतं घेत पुढे जायची पद्धत, शेवटच्या दोन-तीन लेक्चरमध्ये कोंबलंय. २००१ मध्ये युटामधल्या स्नोबर्डला १७ जण जमले, मॅनिफेस्टो लिहिला, ४ मूल्यं १२ तत्त्वं, मग स्क्रम ही त्यातली एक कार्यपद्धती, स्प्रिंट म्हणजे तिचा एक टप्पा जास्तीत जास्त एक महिन्याचा, रोजची १५ मिनिटांची भेट, संपलं. आणि वॉटरफॉलला, म्हणजे एक टप्पा पूर्ण संपवूनच पुढचा सुरू करायच्या पद्धतीला, खलनायक करून टाकलंय. १९७० च्या ज्या पेपरमधून ते चित्र आलं त्यात विन्स्टन रॉइसने स्वतःच म्हटलंय की असं एका सरळ रेषेत काम करणं धोक्याचं आहे, पण ते पान कुणी उलटून बघत नाही. खरं म्हणजे कुठल्या कामाला काय लागू पडतं हे शिकवायला हवं होतं. पूल अर्धा बांधून लोकांची मतं विचारता येत नाहीत, अॅपचं तसं करता येतं. एवढं जरी नीट समजावलं असतं तरी पुरे होतं.

केस स्टडी मात्र दोन मस्त होत्या. सिडनी ऑपेरा हाऊस, सुरुवातीचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि १९६३ ला पूर्ण, प्रत्यक्षात १० कोटी २० लाख आणि १९७३. छताची भूमिती सुटायच्या आधीच बांधकाम सुरू केलं होतं, म्हणजे परत तोच राहिलेला बाण. दुसरी डेन्व्हर एअरपोर्टची ऑटोमॅटिक बॅगेज सिस्टीम, जिच्यापायी विमानतळ ठरल्यापेक्षा १६ महिने उशिरा, फेब्रुवारी १९९५ मध्ये उघडला, आणि २००५ मध्ये ती सिस्टीम कायमची बंद केली. या दोन्हीवर वर्गात जोरदार वाद झाले, कारण ऑपेरा हाऊसला आज कुणी फसलेला प्रोजेक्ट म्हणत नाही. मग यश मोजायचं कशाने? त्या एका तासात त्रिकोणाच्या सगळ्या स्लाइड्सपेक्षा जास्त कळलं.

परीक्षेबद्दल: निम्मा पेपर थिअरी, रट्टा मारावाच लागतो, निम्मा गणितं, ती पैकीच्या पैकी मार्क देतात. गणितात फ्लोट काढताना बॅकवर्ड पासला जिथे अनेक बाण निघतात तिथे सगळ्यात लहान आकडा घ्यायचा, फॉरवर्डला जिथे येऊन मिळतात तिथे सगळ्यात मोठा, एवढं सांभाळलं की झालं.

कुणी घ्यावा? ज्यांना पुढे ग्रुपमध्ये काम करायचंय, म्हणजे जवळपास सगळ्यांनी. ज्यांनी आधीच एखाद्या टीममध्ये काम केलंय त्यांना सुरुवात कंटाळवाणी वाटेल पण नेटवर्कचा भाग त्यांनाच जास्त भिडेल. "मॅनेजर व्हायचं" म्हणून घेणाऱ्यांनी अपेक्षा कमी ठेवा, माणसं सांभाळणं या पेपरमध्ये टकमनच्या फॉर्मिंग-स्टॉर्मिंग-नॉर्मिंग-परफॉर्मिंग या टीम घडण्याच्या चार टप्प्यांच्या पुढे जात नाही. घ्यायच्या आधी एकच चौकशी करा, शिकवणारे नेटवर्क हाताने काढून घेतात का. घेत असतील तर डोळे मिटून घ्या, नसतील तर दुसरं काहीतरी बघा. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, आणि त्यातले दोन एकट्या त्या फळ्यावरच्या तासाचे.

आणि हो, पुढे पीएमआयची कॅपम ही सुरुवातीच्या पातळीची सर्टिफिकेट परीक्षा द्यायचा विचार असेल तर तिला प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या शिक्षणाचे २३ तास दाखवावे लागतात, युनिव्हर्सिटीचा असा कोर्स त्यात धरता येतो. विभागाकडून तासांचं पत्र सेमिस्टर चालू असतानाच मागून घ्या, निकाल लागल्यावर ऑफिसवाले या टेबलावरून त्या टेबलावर पाठवत बसतात.